रिफापर्यंत आलेला भूकंप

३ मे, रविवार

आजपासून डायरी. मामाने माझ्या स्टेटसवर बंदी आणली आहे. परवा सुपरवायझरशी वाजलं म्हणून मी "काही लोकांना माणूस म्हणणं हा माणसांचा अपमान आहे" असं टाकलं होतं. सुपरवायझर मल्याळी, त्याला कुठे मराठी कळतंय, असं मला वाटलं. त्याने फोनवर भाषांतर करून वाचलं. मामा म्हणाला, "मेल्या, पोटात राहत नसेल तर वहीत लिही. इथं तुझा व्हिसा कंपनीचा आहे, पण अब्रू माझी आहे."

मामा म्हणजे शिवदासमामा, आईचा सख्खा भाऊ, आमच्या एसीच्या कंपनीत फोरमन. मी भूशास्त्राचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा यानेच मला बहारीनला आणलं. सोडलं म्हणजे, प्रॅक्टिकलला सर म्हणाले तुझ्या हातातला दगड बेसॉल्ट आहे. मी म्हणालो गॅब्रो. ते म्हणाले बेसॉल्ट. मी तो खिडकीतून फेकला. खाली सरांची स्कूटर होती. तो बेसॉल्ट होता हे मला आजही मान्य नाही.

पण मुद्दा वेगळाच आहे. आज रिफाला एका घरी हॉलचा एसी बसवला. सगळ्यात वरचा मजला, युनिट गच्चीवर. घर मथुराकाकूंचं, मूळच्या आमच्याच वेळणेश्वरकडच्या. त्यांना एक मुलगी आहे.

दीप्ती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सलमानियाच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी करते.

मी शिडीवर होतो. ती खालून आली आणि म्हणाली, "यू ड्रॉप्ड दिस." हातात एसीच्या खोक्यातलं लहानसं पाकीट. आत चार काळे रबरी पॅड, गच्चीवरच्या युनिटच्या पायांखाली घालायचे. मी घेतलं. बोटाला बोट लागलं की नाही हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही, पण लागलं.

मग गच्चीवर युनिट ठेवलं, बोल्ट आवळले, खाली आलो, तर पाकीट खिशातच! आता पुन्हा वर जाऊन सगळं सोडवायचं? या उन्हात? आणि खरं सांगायचं तर ते पाकीट मला कुणालाच द्यायचं नाही. तिने स्वतःच्या हाताने मला दिलेली पहिली वस्तू आहे ती. मामाने विचारलं, "पॅड घातलेस?" मी "हो" म्हटलं. मामा उगाच कर्मठ आहे. बोल्ट घट्ट असले की झालं.

पाकीट उशीखाली ठेवलंय.

५ मे, मंगळवार

हिंदुकुश पर्वतात भूकंप! तीव्रता सहा पूर्णांक चार. काबूल, पेशावर, श्रीनगर, पार दिल्लीपर्यंत जाणवला. दुपारी जेवताना फोनवर पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एक म्हणजे विषय माझा. दुसरं म्हणजे आमच्या खोलीतला शेर वली चित्रालचा. डक्टचं काम करतो. त्याचं गाव बरोब्बर त्या डोंगरांत आहे.

तो डाळीत रोटी बुडवत होता. मी त्याच्या हातातली रोटी काढून घेतली आणि म्हटलं, "शेर भाई, हौसला रखो."

"क्या हुआ?"

मी सांगितलं. त्याने घरी फोन लावला, काहीतरी बोलला, हसला, फोन ठेवला, माझ्या हातातून रोटी परत घेतली. "अम्मा बोलती है बर्तन बजे. बकरी उठी भी नहीं."

याला म्हणतात धक्क्यात जाणं. माणूस सत्य स्वीकारतच नाही. मी त्याला दिवसभर एकटा सोडला नाही. संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाई, तुम थोड़ा उधर बैठो."

६ मे, बुधवार

आज आयुष्य बदललं. सकाळी मथुराकाकूंचा फोन! मामाने कधीतरी त्यांना ऐटीत सांगितलं होतं की भाचा भूशास्त्र शिकलाय.

"अरे ऋत्विक, तू त्या भूकंपाच्या शास्त्राचा ना? माझ्या भावाकडे दिल्लीला पंखे हलले म्हणे. आणि आता आमच्याकडेपण हलतंय रे!"

"रिफाला?"

"हो तर! शोकेसमधले ग्लास किणकिणतात. कालपासून तर मी चांगलीच घाबरल्येय."

संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर अंघोळ करून गेलो. काकूंनी चहा टाकला. काका टीव्ही बघत होते. ते नेहमी टीव्हीच बघतात. दीप्ती हॉस्पिटलमधून नुकतीच आली होती. मी सोफ्यावर बसलो आणि बशीतला कप हलायला लागला. टर्र्र. शोकेसमधले ग्लास किण् किण् किण्. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. थोड्या वेळाने थांबलं. मग पुन्हा सुरू. मग पुन्हा थांबलं. काय ती शिस्त! निसर्ग किती नेमका असतो!

"आफ्टरशॉक्स," मी म्हणालो.

"अगो बाई," काकू म्हणाल्या.

दीप्ती माझ्याकडे बघत होती. मग तिने छताकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. "व्हॉट वॉज द डेप्थ?"

"कसली?"

"ऑफ द क्वेक. हाउ डीप?"

तिला सोनोग्राफीत सगळीकडे खोलीच दिसते, त्याला मी काय करणार. फोनवर पाहिलं. दोनशे दहा किलोमीटर. मी म्हटलं, "बघा! दोनशे दहा! इतक्या खोलवर एवढी ताकद दडलीय म्हणजे बाहेर यायची अजून किती बाकी असेल!"

तिने ओठ आत घेतले आणि खिडकीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. हळव्या मनाची आहे. मलाही भरून आलं.

एवढ्यात काकू म्हणाल्या, "आता शुक्रवारी कसं व्हायचं? सागर येतोय त्याच्या आईला घेऊन."

"कोण सागर?"

"बँकेत आहे. दीप्तीला बघायला येतायत."

खरा भूकंप तेव्हा झाला.

७ मे, गुरुवार

रात्रभर तळमळलो. बँकेत आहे म्हणे. मग मी काय वाळूत आहे?

सकाळी काकूंना व्हॉइस मेसेज केला. शास्त्राला धरून. मोठा भूकंप झाला की पुढचे काही दिवस धोक्याचे, छताखाली गर्दी जमवू नये, विशेषतः वजनदार पाहुण्यांची. हे शेवटचं शास्त्रात नाही, पण असायला हवं.

काकूंचा लगेच फोन आला, "पण सागरच्या आईला, त्या शेवंतीबाईंना, काय सांगू? भूकंप आहे म्हणून येऊ नका?"

मागून दीप्तीचा आवाज आला, "मम्मी, ही इज द एक्स्पर्ट. सेफ्टी फर्स्ट. पोस्टपोन इट."

एक्स्पर्ट! माझ्या कानांनी ऐकलं! पाहणं पुढच्या शुक्रवारी गेलं.

शेर वलीला सांगितलं. तो म्हणाला, "वो लड़की तुम्हारे साथ हंसती है कि तुम पर?" या डोंगरातल्या लोकांना नाजूक भावना कळत नाहीत.

११ मे, सोमवार

गोंधळ झालाय. माझा व्हॉइस मेसेज काकूंनी त्यांच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला, आणि आता सगळीकडे "भूगर्भतज्ज्ञ ऋत्विक सर यांचा इशारा" म्हणून फिरतोय. जनाबियाला एक कुटुंब दोन दिवस गाडीत झोपलं. गाडीत एसी लावून. पेट्रोल संपलं तेव्हा घरात गेले.

मला आधी बरं वाटलं. सर म्हणालं कुणीतरी. मग मामा आला.

"ऋत्विक सर," मामा म्हणाला, "जरा इकडे या."

गेलो. टपली बसली.

"मेल्या, मला आठ फोन आले. एक जण विचारतो इथं प्लॉट घेऊ का थांबू. मी काय सांगू त्याला? दोन वर्षंपण धड शिकला नाहीस आणि लोकांना गाडीत झोपवतोस?"

"मामा, शास्त्र आहे ते."

"शास्त्र? मग मला सांग, आमच्या खोलीत का नाही हलत? वर्कशॉपमध्ये का नाही? त्या एकाच घरावर भूकंपाचा एवढा जीव का?"

याला मी म्हणतो अडाणी प्रश्न. जमिनीचे थर सगळीकडे सारखे नसतात. पण मी उलट बोललो नाही. कारण मामाने दुसरा हात मोकळा ठेवला होता.

१२ मे, मंगळवार

आज दीप्तीचा मेसेज आला. स्वतःहून! "हाय सर. टुडेज आफ्टरशॉक्स आर ब्युटिफुल. कम अँड स्टडी." आणि खाली डोळा मारणारा चेहरा.

गेलो. काकूंनी खरवस दिला. दीप्तीने टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आम्ही दोघं बसून त्यातल्या लहरी बघत राहिलो. मी तिला पी-लहरी आणि एस-लहरी समजावल्या. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. एसीचा रिमोट तिच्या मांडीवर होता. लहरी थांबल्या की ती म्हणायची, "वेट, आय थिंक इट्स कमिंग," आणि यायच्याच! प्राण्यांना भूकंप आधी कळतो असं म्हणतात. काही मुलींनाही कळत असावा. मी हे तिला सांगितलं. ती हसत हसत स्वयंपाकघरात पळाली.

जाताना तिने विचारलं, "व्हाय डिड यू लीव्ह कॉलेज?"

मी दगडाची गोष्ट सांगितली. मला वाटलं आता ही माझ्या बाजूने सरांना शिव्या देईल. ती म्हणाली, "वॉज इट बेसॉल्ट?"

मी बूट घालायला वाकलो.

"रीड द चॅप्टर यू मिस्ड," ती म्हणाली. "द डेप्थ वन." आणि दार लावलं.

१३ मे, बुधवार

वाचला.

कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर पुस्तकाची फाइल पडली होती. मी सोडून गेलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात शिकवलेलं प्रकरण. वाचून मला घाम फुटला, आणि आमच्या खोलीतला एसी मीच दुरुस्त केलेला आहे, चांगला चालतो.

तर असं आहे. भारताची जमीन उत्तरेला सरकत सरकत आशियाला धडकते, त्यातून हे सगळे डोंगर उठले. पण हिंदुकुशच्या खाली, फार खोल, एक दगडी तुकडा उभा लोंबकळतोय. स्वतःच्याच वजनाने ताणला जातो आणि मधूनमधून तुटतो. तो भूकंप इतक्या खोलवर होतो की वर येईपर्यंत त्याचा जोर मंदावतो, पण तो लांबवर पसरतो. म्हणून बरोब्बर डोक्यावर बसलेल्या गावात बकरी उठत नाही, आणि लांब दिल्लीत पंखे हलतात. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय: अशा खोल भूकंपानंतर आफ्टरशॉक फार कमी येतात. बहुतेकदा जाणवतही नाहीत.

म्हणजे शेर वलीची अम्मा बरोबर होती. बकरीपण.

दुसरं म्हणजे, हा लोंबकळणारा तुकडा वाचताना मला फार ओळखीचा वाटला. घरातून तुटलेला, कॉलेजातून तुटलेला, स्वतःच्या वजनाने ताणलेला. आत एवढं होतंय आणि ज्या घराखाली होतंय तिथे कुणाला पत्ता नाही.

पण मग रिफाला हलतंय ते काय आहे? आफ्टरशॉक नाही. मग?

एकच उत्तर उरतं. रिफाच्या खाली नवीन भेग आहे.

१४ मे, गुरुवार

नाही, नवीन भेग नाही. नकाशे पाहिले. तिथे तसलं काही नाही.

मग काय आहे ते मला माहीत नाही. पण काय नाही ते माहीत आहे, आणि मी काकूंना खोटं सांगून बसलोय. उद्या सागर येणार. आफ्टरशॉक नाहीत म्हटलं तर पाहणं सुखरूप पार पडेल. गप्प बसलो तर काकू घाबरून पुन्हा पुढे ढकलतील. गप्प बसण्यात माझा फायदा आहे.

पण ती मला एक्स्पर्ट म्हणाली. ती मला एक्स्पर्ट समजते आणि मी तिला फसवतोय. हे सहन होत नाही. उद्या जाऊन सांगणार. मग तिने बँकवाल्याशी खुशाल लग्न करावं. मी आखात सोडून जाईन. कुठे ते ठरलेलं नाही. बहुतेक गुहागर.

पाकीट खिशात घेऊन जाणार. तिचं तिला परत.

१५ मे, शुक्रवार

आज सगळं क्रमाने लिहितो.

मी निघालो तसा मामा मागे आला. "कुठे?" "खरं बोलायला." "मग मी येतो. तू खरं बोलायला लागलास की कुणीतरी जवळ असलेलं बरं."

दार उघडंच होतं. हॉलमध्ये सगळे. काका, टीव्ही चक्क बंद. मथुराकाकू पैठणीत. सोफ्यावर शेवंतीबाई, पोह्यांची बशी हातात. शेजारी सागर, पांढरा शर्ट, केसांना जेल. दिसायला बरा आहे, हे लिहायला मला त्रास होतो. आणि समोर दीप्ती, हिरव्या ड्रेसमध्ये, मांडीवर ओढणी, ओढणीखाली हात.

मी बोलायला तोंड उघडलं आणि घर हलायला लागलं.

आजवर कधी हललं नव्हतं तसं. एसी थंडगार वारा फेकत होता, आणि काचेच्या टीपॉयवर कप नाचत होते. शोकेसमधला काकांचा पन्नास वर्षांपूर्वीचा कबड्डीचा कप सरकत सरकत कडेला आला.

"आफ्टरशॉक!" काकू किंचाळल्या.

सागर टीपॉयखाली गेला. आधी गेला आणि मग म्हणाला, "आई, खाली ये!" शेवंतीबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी जरा वर धरली, एवढंच.

"आफ्टरशॉक नाहीत!" मी ओरडलो. "काकू, मी चुकीचं सांगितलं! भूकंप दोनशे दहा किलोमीटर खोल होता, तसल्याला आफ्टरशॉक नसतात! ते प्रकरण मी शिकलोच नव्हतो! मी एक्स्पर्ट नाही! काहीही होणार नाही! तुम्ही पाहणं करा! पोहे खा!"

शेवंतीबाई म्हणाल्या, "खातेच आहे."

"मग हे काय होतंय?" टीपॉयखालून सागर म्हणाला.

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य वापरलं.

दीप्ती माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. मग ओढणीखालून तिचा हात बाहेर आला. हातात रिमोट. तिने बटण दाबलं. टिंग.

एसी बंद झाला. घर स्तब्ध. कप थांबले. कबड्डीचा कप अगदी कडेवर थांबला.

मामाने छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ऋत्विक."

"काय?"

"पॅड घातले होतेस?"

मी खिशात हात घातला. शर्टाच्या, डाव्या. पाकीट काढलं. चार काळे रबर, न फोडलेले, प्लास्टिक थोडं चुरगळलेलं, कारण रोज उशीखाली.

"मेल्या," मामा अगदी हळू म्हणाला.

काका पहिल्यांदा बोलले. "म्हणजे मी टीव्ही बंद केला तो उगाचच."

सागर टीपॉयखालून बाहेर येताना त्याचं डोकं आपटलं. त्यावर शेवंतीबाई रिकामी बशी खाली ठेवून त्याला म्हणाल्या, "आईला आधी सांगायचं, मग खाली जायचं. चल घरी." दारात काकूंचा हात धरून म्हणाल्या, "पोहे छान झाले होते हो."

काकू माझ्यावर ओरडणार होत्या, पण आधी कशासाठी ओरडावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात दीप्ती उठली, माझ्यासमोर आली, हातातल्या पाकिटाकडे बघत म्हणाली:

"हे तू तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोयस?"

मराठीत! स्वच्छ, वेळणेश्वरच्या हेलात, जशा काकू बोलतात तशी!

"उशीखाली," मी म्हणालो. "खिशात फक्त आज."

तिचे कान लाल झाले. एसी बंद होता, त्यामुळे असेल.

"उद्या ये," ती म्हणाली. "नीट बसव."

१६ मे, शनिवार

सुट्टी होती तरी गेलो. गच्चीवर ऊन असं की पाना धरवत नव्हता. युनिटचे बोल्ट सोडले, एकेक पाय उचलून पॅड सरकवले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यासाठी पाकिटात हात घालतो तर दीप्ती ताकाचा ग्लास घेऊन उभी. ग्लास माझ्या हातात दिला आणि पाकीट काढून घेतलं.

"एक राहू दे माझ्याकडे."

मी तिला समजावलं. चौथा पाय उघडा राहिला तर युनिट नीट बसत नाही. पुन्हा थोडं थोडं हलेल. पुन्हा कप वाजतील.

"वाजू दे. मी कम्प्लेंट करीन. मग कुणीतरी बघायला यावं लागेल ना?"

"पण कारण तर तुला माहीतच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, जसं त्या पहिल्या आफ्टरशॉकच्या वेळी पाहिलं होतं. आधी माझ्याकडे, मग छताच्या दिशेने, म्हणजे आता आम्हीच छतावर होतो त्यामुळे पायांकडे, मग परत माझ्याकडे.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ऋत्विक." मग ताकाच्या ग्लासकडे बोट दाखवून, "पी आता. आणि परीक्षेचा फॉर्म भर. बाहेरून देता येते, मी चौकशी केलीय. बेसॉल्ट लिहायचं."

ती खाली गेली. मी तिथेच उभा राहिलो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर मग पाहणं पुढे ढकलायला माझी बाजू का घेतली? ग्लासातल्या लहरी का बघत बसली? आणि काल सागर समोर असताना रिमोट ओढणीखाली कशाला?

ताक संपेपर्यंत विचार केला. मग खोलीवर येऊन मामाला सगळं सांगितलं, तीन पॅड, चौथा तिच्याकडे, कम्प्लेंट, सगळं, आणि विचारलं, "मामा, हे काय आहे?"

मामा दाढी करत होता. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. शेर वली पलंगावर उठून बसला. बकरी नाही उठली, पण हा उठला.

"मेल्या," मामा म्हणाला आणि ब्रशला नवीन साबण लावून माझ्यापुढे धरला. "कम्प्लेंट यायच्या आत दाढी कर."